माल्टा पडले असते तर



मराठी माणसाला जर-तरचा इतिहास कुणी शिकवावा लागत नाही. पानिपतावर तो आपण पिढ्यान्‌पिढ्या मांडत आलो आहोत. भाऊसाहेबांनी मल्हाररावांचे ऐकले असते तर, बायकामुलांचा आणि यात्रेकरूंचा लवाजमा मागे ठेवला असता तर, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर! डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीच्या रसदेची मोठी आशाच संपली, याबद्दलचा ‘तर’ मात्र क्वचित ऐकू येतो. गोळी लागण्याचा क्षण डोळ्यांसमोर उभा राहतो, धान्याच्या गोण्या राहत नाहीत. आज मी तुम्हाला पानिपतावर नेणार नाही. १९४२ च्या उन्हाळ्यातल्या भूमध्य समुद्रात नेणार आहे. पण माझी तक्रार तीच आहे.

सिसिलीच्या दक्षिणेला नव्वद-एक किलोमीटरवर माल्टा आहे. गोझो वगैरे धाकटी बेटे धरून सगळा पसारा ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण निम्मी बृहन्मुंबई. युद्धकाळात तिथे अडीच लाखांहून जास्त लोक राहत होते. बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि इटलीहून लिबियाला जाणारी जहाजे त्याच्या आसपासूनच जात. लिबियात जर्मन सेनानी रोमेल लढत होता. त्यामुळे युद्धेतिहासाच्या वाचकांत एक सिद्धान्त फार लोकप्रिय आहे : हिटलर-मुसोलिनींनी १९४२ मध्ये माल्टा घेतले असते, तर रोमेलची रसद निर्धोक झाली असती, कैरो पडले असते, सुएझ कालवा गेला असता आणि पुढे इराकचे तेल. नकाशावर बोट फिरवायला काय लागते?

मला हा सिद्धान्त पटत नाही. माल्टाला किंमत नव्हती असे माझे म्हणणे नाही. ती किंमत भलत्याच खात्यावर मांडली जाते, एवढेच.

आधी बेत काय होता ते पाहू. एप्रिल १९४२ च्या अखेरीस हिटलर आणि मुसोलिनी भेटले आणि क्रम ठरला. रोमेलने आधी लिबियातले तोब्रुक बंदर घ्यायचे, इजिप्तच्या सरहद्दीवर थांबायचे, मग विमानदळ मोकळे करून माल्टावर उतरायचे. जर्मनांनी या मोहिमेला ‘हर्क्युलस’ नाव दिले, इटालियनांच्या कागदांत ती ‘सी-३’ होती. आकाशातून आणि समुद्रातून मिळून लाखभर माणसे उतरवायची होती. छत्रीधारी फौजेची सूत्रे जनरल श्टुडेंटकडे, म्हणजे वर्षापूर्वी क्रीट बेट घेणाऱ्या सेनानीकडे. इटलीने ‘फोल्गोरे’ ही छत्रीधारी डिव्हिजन खास तयार केली आणि तिच्या प्रशिक्षणासाठी जर्मन छत्रीधाऱ्यांचा अधिकारी राम्के आला.

क्रीट जिंकले होते खरे, पण तिथे जर्मन छत्रीधाऱ्यांची इतकी माणसे पडली की हिटलरचा या प्रकारावरचा विश्वासच उडाला. माल्टाची जमीन तर क्रीटहूनही वाईट. तिथली शेते म्हणजे दगडी बांधांनी चिरफाळलेले लहान लहान तुकडे. ग्लायडर उतरवायचा तर सरळ पट्टी हवी आणि इथे वीस पावलांवर पुढचा बांध. त्यात इटालियन आरमाराकडे इंधनाचा दुष्काळ. ब्रिटिश नौदल समोर दिसताच हे आरमार माघारी फिरेल आणि आपली माणसे बेटावर अडकून पडतील, ही हिटलरची भीती होती. मे महिन्यातच त्याने हर्क्युलसची तयारी जवळजवळ कागदापुरती ठेवा, असे सांगून टाकले होते.

वेळेचे गणितही जमत नव्हते. बेट सर्वांत खिळखिळे झाले होते ते एप्रिलमध्ये. त्या एका महिन्यात माल्टावर सहा हजार सातशे टनांच्या वर बॉम्ब पडले. २० एप्रिलला अमेरिकेच्या ‘वास्प’ या विमानवाहू नौकेवरून सत्तेचाळीस स्पिटफायर पाठवली, त्यातली बहुतेक जमिनीवरच नष्ट झाली. मग बेटावरच्या लोकांनी धडा घेतला. ९ मे रोजी ‘वास्प’ आणि ब्रिटिशांच्या ‘ईगल’वरून साठ-एक स्पिटफायर उतरली, तेव्हा प्रत्येक विमानासाठी माणसे, इंधनाचे डबे आणि काडतुसे धावपट्टीच्या कडेला तयार होती. काही मिनिटांत विमान भरून, ताजा वैमानिक बसवून पुन्हा आकाशात. दुसऱ्या दिवशी जर्मन विमाने आली ती या झुंडीत सापडली. म्हणजे एप्रिलमध्ये बेट लुळे होते तेव्हा फौज तयार नव्हती, आणि जुलैत फौज तयार व्हायची तोवर बेट उठून बसले होते. हर्क्युलसची चर्चा करणारे बहुतेक जण एप्रिलचे माल्टा आणि जुलैची फौज एकत्र करून लढाई लावतात.

आता तोब्रुक. इथे आपल्या माणसांचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही.

१९४१ मध्ये याच तोब्रुकने आठ महिन्यांच्या आसपास वेढा सोसला होता. २० जून १९४२ च्या सकाळी रोमेलने तटबंदीच्या आग्नेय बाजूवर हल्ला केला. आधी विमानांचा मारा, मग पायदळ आणि रणगाडे. त्या बाजूला अकरावी भारतीय ब्रिगेड होती आणि जिथे भगदाड पडले तिथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण उभी होती. खंदक अर्धेअधिक बुजलेले, सुरुंग बरेचसे उपटून दुसरीकडे नेलेले, मदतीला येणारे रणगाडे उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी आलेले. पलटण त्या सकाळीच मोडली. दुसऱ्या दिवशी तोब्रुकने शरणागती पत्करली. तेहतीस हजारांच्या आसपास माणसे कैद झाली.

आता आपला ‘तर’ इथे लावून पाहा. तटबंदी त्या सकाळी टिकली असती आणि तोब्रुक आणखी महिना-दीड महिना झुंजले असते, तर रोमेलला इजिप्तमध्ये शिरता आले नसते. तो सरहद्दीवर अडकला असता आणि ठरलेल्या क्रमात पुढचे नाव माल्टाचे होते. प्रत्यक्षात झाले उलटेच. तोब्रुक एका दिवसात पडले, इंधन, धान्य आणि दोनेक हजार वाहने हाती लागली, रोमेलला फील्डमार्शलपद मिळाले आणि त्याने थेट कैरोकडे तोंड वळवले. भूमध्यातला जर्मन सेनानी केसेलरिंग याने विरोध केला, आधी माल्टा हा आग्रह त्याने सोडला नाही. पण हिटलरने मुसोलिनीला पत्र लिहून ही संधी पुन्हा यायची नाही असे पटवले आणि हर्क्युलस बासनात गेली. थोडक्यात, १९४२ मध्ये माल्टा वाचले त्यात तोब्रुक पडण्याचा मोठा हात होता. मराठा पलटणीच्या मोर्चावर पडलेले भगदाड ब्रिटिशांच्या इतिहासात नामुष्की म्हणून नोंदले गेले. माल्टाच्या बाजूने बघितले तर त्या नोंदीला दुसराही अर्थ आहे. तो त्या शिपायांना कुणी सांगितला असेल असे वाटत नाही. ते तोवर इटलीतल्या छावण्यांच्या वाटेवर होते, त्याच समुद्रातून आणि माल आणून परतणाऱ्या त्याच जहाजांतून. १७ ऑगस्टला ‘नीनो बिक्सिओ’ या जहाजावर ब्रिटिश पाणबुडीने पाणतीर सोडले, तेव्हा त्यात दोस्त राष्ट्रांचे तीन हजारांहून अधिक युद्धकैदी होते. तीनशेहून अधिक मेले. शत्रूची रसद तोडणारे पाणतीर परतीच्या खेपेत काय भरले आहे ते पाहत नाहीत.

पण समजा, हर्क्युलस झाली. समजा, यशस्वीही झाली. मग रोमेल कैरोला पोचला असता का?

याचे उत्तर शोधायला कल्पनेची गरज कमी आहे, कारण परीक्षा होऊन गेलेली आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये माल्टावरच्या ब्रिटिश युद्धनौकांनी एका रात्रीत सात मालवाहू जहाजांचा अख्खा ताफा बुडवला. त्या महिन्यात लिबियासाठी सुमारे एकोणऐंशी हजार टन माल निघाला आणि जेमतेम तीस हजार टन पोचला. हा माल्टाचा सर्वांत भेदक महिना, आणि सिद्धान्तवाले नेहमी हाच पुढे करतात. आता एप्रिल १९४२ घ्या. माल्टा बॉम्बखाली चिरडलेले. त्या महिन्यात दीड लाख टन निघाला आणि जवळपास सगळाच्या सगळा पोचला. म्हणजे समुद्राच्या वाटेपुरते माल्टा तेव्हा नसल्यातच जमा होते. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनसमोर रोमेलच्या टाक्या कोरड्याच राहिल्या. माल आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत होता, आघाडीवर पोचत नव्हता.

का, ते ‘सप्लाइंग वॉर’ या १९७७ च्या पुस्तकात मार्टिन व्हॅन क्रेव्हेल्ड यांनी हिशेबानिशी दाखवले आहे. मी त्यांचेच आकडे घेतो. जर्मनांच्या एका मोटार डिव्हिजनला पाण्यासकट दिवसाला साडेतीनशे टन माल लागे. हा माल तीनशे मैल, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर, वाळवंटातून न्यायचा तर प्रत्येकी तीस ट्रकांचे एकोणचाळीस तांडे हवेत. अकराशे सत्तर ट्रक, एका डिव्हिजनसाठी, आणि तेही नादुरुस्त ट्रक हिशेबात न धरता. आता नकाशा पाहा. मुख्य बंदर त्रिपोली. तिथून बेनगाझी हजार किलोमीटर, बेनगाझीहून तोब्रुक साडेचारशे, तोब्रुकहून अलामीन साडेपाचशे. एकूण दोन हजार. किनाऱ्याने जाणारा एकच डांबरी रस्ता, त्यावर वरून विमानांचा पहारा. ट्रकांमध्ये शत्रूकडून पकडलेले पुष्कळ, त्यांचे सुटे भाग मिळायचे नाहीत. तिसऱ्या हिश्शाहून जास्त गाड्या कायम दुरुस्तीला. आणि पेट्रोल घेऊन जाणारा ट्रक स्वतः पेट्रोल पितो, ते वेगळेच.

कुणी म्हणेल, तोब्रुक हातात आल्यावर त्रिपोलीची काय गरज? तोब्रुकच्या धक्क्यावर कागदोपत्री दिवसाला दीड हजार टन माल उतरायला हवा होता. प्रत्यक्षात सहाशेच्या वर क्वचित जाई. बेनगाझीची क्षमता सत्तावीसशेची सांगत, उतरायचे सातशे-आठशे. बुडालेल्या जहाजांचे सांगाडे बंदरात, धक्के उद्‌ध्वस्त, वर रोजचे बॉम्ब. साडेतीनशे गुणिले तीन डिव्हिजन केले की एक हजार पन्नास होतात, आणि हे फक्त रोमेलच्या जुन्या जर्मन डिव्हिजन झाल्या. इटालियनांचे पोट अजून धरलेलेच नाही. चाळीच्या गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी खाली नळ एकच असेल तर बादल्यांची रांग हटत नाही. माल्टा घेणे म्हणजे टाकी आणखी भरणे होते.

शिवाय शेवटच्या टप्प्यात जी तेलवाहू जहाजे बुडाल्याने रोमेल हतबल झाला, त्यांपैकी ‘प्रोसेर्पिना’ हे मोठे नाव. २६ ऑक्टोबर १९४२ ला, अलामीनची लढाई पेटलेली असताना, ते तोब्रुकच्या तोंडाशी बुडाले. कुठून आलेल्या विमानांनी बुडवले? इजिप्तमधल्या. रोमेल जितका पूर्वेला सरकला तितकी त्याची जहाजे इजिप्तच्या विमानतळांच्या टप्प्यात आली. माल्टावर स्वस्तिक फडकत असते तरी ‘प्रोसेर्पिना’ वाचले नसते. उलटी बाजू म्हणून मान्य करतो की ऑगस्टअखेर ‘सान आंद्रेआ’ हे तेलवाहू बुडवले ते माल्टावरून गेलेल्या विमानांनी. आणि इटालियन जहाजे केव्हा, कोणत्या वाटेने निघणार हे ब्रिटिशांना त्यांचे सांकेतिक संदेश फोडून आधीच कळत होते. ते ज्ञान माल्टाच्या खडकात पुरलेले नव्हते.

याच्या शेजारी ब्रिटिशांची वाट ठेवून पाहा. भूमध्य समुद्र बंद, म्हणून त्यांची जहाजे आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून सुएझला येत. वीस हजार किलोमीटरच्या आसपास. तोब्रुक पडल्याची बातमी चर्चिल यांना वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्या समोरच मिळाली आणि तिथल्या तिथे तीनशे शेर्मन रणगाडे कबूल झाले. ते याच लांबच्या वाटेने आले आणि अलामीनला वेळेवर उभे राहिले. इटली ते लिबिया हा समुद्र दोन-तीन दिवसांचा. वीस हजार किलोमीटरची वाट जिंकली आणि दोन दिवसांची हरली, कारण पहिलीच्या टोकाला मोठ्या गोद्या, रेल्वे आणि आघाडीपर्यंतचा जवळचा रस्ता होता. दुसरीच्या टोकाला तोब्रुकचा मोडका धक्का.

जिंकलेल्या माल्टाचे काय करायचे, हा प्रश्नही कुणी विचारत नाही. अडीच लाख लोकांचे पोट बाहेरून येणाऱ्या धान्यावर. बेट घेतले की ती जबाबदारी इटलीची. ज्या जहाजांनी रोमेलला पेट्रोल न्यायचे, त्यांतली काही माल्टाच्या राजधानीला, व्हॅलेटाला, पीठ घेऊन गेली असती.

जहाजांच्या विषयात ब्रिटिशांनी माल्टाला रसद पोचवायला पाठवलेला ऑगस्ट १९४२ चा ‘पेडेस्टल’ ताफा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बेटावर तेव्हा माणशी दिवसाला तीनशे ग्रॅम पाव. सामुदायिक स्वयंपाकघरांतून शिधापत्रिकेवर मिळणारे पातळ कालवण. चाऱ्याअभावी कापलेल्या शेळ्या. शरण केव्हा जावे लागेल त्याचा दिवस गव्हर्नर लॉर्ड गॉर्ट यांच्या कचेरीत धान्याच्या साठ्यावरून मोजून ठेवलेला होता. जूनमध्ये दोन दिशांनी दोन ताफे निघाले होते. पूर्वेकडचा अर्ध्या वाटेतून परतला, पश्चिमेकडच्या सहांपैकी दोनच जहाजे पोचली. ऑगस्टमध्ये चौदा जहाजे निघाली, नऊ बुडाली. ‘ईगल’ गेली, दोन क्रूझर आणि एक विनाशिका गेली. पोचलेल्या पाचांत शेवटचे तेलवाहू ‘ओहायो’. पाणतीर लागलेले, डेकवर पडलेल्या जर्मन विमानाचे अवशेष, यंत्रे बंद, पाण्याच्या पातळीपर्यंत बुडालेले. दोन विनाशिकांनी दोन्ही बाजूंनी बांधून ते १५ ऑगस्टला बंदरात आणले. त्या दिवशी सान्ता मारियाचा सण होता, म्हणून माल्टात हा ताफा आजही त्याच नावाने ओळखला जातो.

‘ओहायो’ शेवटच्या रात्री बुडाले असते तर? इथला ‘तर’ मला खराखुरा वाटतो, कारण मधले दुवे थोडे आहेत. तेल नाही म्हणजे पाणबुड्या नाहीत, पंप आणि पिठाच्या गिरण्या नाहीत. बाकी चार जहाजांच्या मालावर बेट आणखी काही आठवडे तगले असते, त्यापुढे मला खात्री नाही.

आपल्याकडचे खांदेरी इथे आठवते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबईच्या तोंडाशी असलेले हे बेट बांधायला घेतले, तेव्हा इंग्रजांनी जहाजे आणून नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने त्यांच्याशी झुंजही दिली. पण बेट टिकले ते रात्रीच्या होड्यांवर. उथळ तळाच्या, वल्ह्यांच्या, थळ-नागावच्या खाडीतून निघून पहाटेपूर्वी परतणाऱ्या. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी. खांदेरी लढवणाऱ्या मायनाक भंडारीला जी चार-पाच किलोमीटरची वाट सांभाळायची होती, ती माल्टाच्या बाबतीत दीड-दोन हजार किलोमीटरची होती. जवळची होडी नसेल तर बेट लढवणे किती महाग पडते, ते पेडेस्टलच्या नऊ बुडालेल्या जहाजांवरून कळते. होडीच नसेल तर काय होते ते पाहायचे असेल तर पॅसिफिकमधले राबाउल पाहा. लाखाच्या घरातली जपानी फौज, उत्तम बंदर, डोंगरात खणलेली भुयारे. १९४३ मध्ये अमेरिकनांनी ते न जिंकताच पुढे जायचे ठरवले आणि ती फौज युद्ध संपेपर्यंत भाजीपाला पिकवत बसली.

आता माल्टाचे खरे खाते. ते १९४३ मध्ये उघडते. १० जुलै १९४३ ला दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या. आधीच्या आराखड्यात अमेरिकनांनी पश्चिमेला, पालेर्मोच्या बाजूला उतरायचे होते. ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांच्या आग्रहाने मे महिन्यात सगळा भार दक्षिण आणि आग्नेय किनाऱ्यावर आला. तिथे उतरणाऱ्यांवर लढाऊ विमानांचे छत्र धरायला जागा हवी होती, आणि ती जागा माल्टा होती. तिथले विमानतळ काठोकाठ भरले होते. गोझोवर अमेरिकन इंजिनिअरांनी तीन आठवड्यांच्या आसपास नवी धावपट्टी उभी केली. दोस्त फौजांचे सरसेनापती आयसेनहॉवर यांचे मुख्यालय त्या काळात व्हॅलेटाच्या भुयारांत होते. सप्टेंबरमध्ये इटालियन आरमार शरण आले तेही माल्टाच्याच तोफांखाली.

बेट १९४२ मध्ये गेले असते तर रोमेलचा पराभव, माझ्या मते, तरीही झाला असता, फार तर काही आठवडे पुढे-मागे. पण जुलै १९४३ मध्ये सिसिलीचा आग्नेय किनारा निवडता आला नसता. ट्युनिशियाच्या धावपट्ट्यांवरून पश्चिम सिसिलीपर्यंत छत्र धरता येत होते, म्हणून उतरणे तिकडे सरकले असते, किंवा सिसिली सोडून सार्डिनियावर. सार्डिनिया घेतले असते तर इटलीच्या बुटाच्या टोकापासून वर चढत जाण्याची ती दोन वर्षांची मोहीम याच स्वरूपात झाली असती का, याची मला शंका आहे. आणि त्या मोहिमेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. १९४४ च्या जुलैत वरच्या टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे पडले. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधव लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती खोरी, त्या नद्या या पलटणींच्या वाटेत आल्या असत्या की नाही, हे सांगायला मला आणखी पाच-सहा ‘तर’ एकावर एक रचावे लागतील, आणि तिसऱ्याच्या पुढे माझा हिशेब चालत नाही. तिथवर कुणी नेऊ शकत असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर बोलावे.